नाकाचं माप

केस सरळ करायचं औषध कालवताना नाल्वाने कधी वजनकाटा जवळ घेतला नाही. प्लास्टिकच्या वाडग्यात क्रीम काढायचं, वरून बाटलीतलं फॉर्मोल ओतायचं, लाकडी चमच्याने ढवळायचं आणि वाडगा नाकाशी धरायचा. डावा डोळा चुरचुरून पाण्याने भरला की थांबायचं. एवढंच माप. हे माप तिला झोराइदमावशीने शिकवलं होतं. रिओजवळच्या मेस्कितात, स्टेशनच्या अलीकडच्या गल्ल्यांत बायका एकमेकींना सांगायच्या, झोराइदच्या मागे नाक असेल तर ते नाल्वाचंच.

तिचं पूर्ण नाव लिंदिनाल्वा. आई रिओत दुसऱ्यांच्या घरी इस्त्रीची कामं करायची. नाल्वाचे केस तिच्यासारखेच दाट, कुरळे, कंगव्याला न जुमानणारे. आमच्याकडे अशा केसांना सगळे सरळ ‘वाईट केस’ म्हणतात, आणि ज्यांच्या डोक्यावर ते असतात त्याच जास्त म्हणतात. शाळा संपल्यावर नाल्वा एका चपलांच्या दुकानात कामासाठी विचारायला गेली. मालकिणीने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “मुलगी चांगली आहेस गं. केसांचं काहीतरी कर आणि मग ये.” नाल्वा केसांचं काहीतरी करायला झोराइदमावशीच्या सलूनमध्ये गेली, ती तिथेच राहिली.

मावशी सख्खी कुणाची नव्हती, सगळ्या गल्लीची होती. जाड, बुटकी, ओठात न पेटवलेली सिगारेट. सुरुवातीला तिने नाल्वाला फक्त डोकी धुवायला लावली, मग केस वाळवायला, मग केसांवर गरम इस्त्री फिरवायला. औषध मात्र ती स्वतः मागच्या मोरीत कालवायची, पडदा ओढून.

“मावशी, मला दाखव ना.”

“आधी शाळेत जा. कागद आण. भिंतीवर लावायला कागद लागतो, नाहीतर बायका भाव करतात.”

मग नाल्वा दिवसा डोकी धुवायची आणि संध्याकाळी शहरातल्या केशकलेच्या वर्गाला जायची. तिथे केसाची शिकवणी होती: केसावर खवले असतात, आत साखळ्या असतात, त्या तुटल्या की वळण जातं आणि फॉर्मोल त्यांना सरळच्या सरळ बांधून टाकतं. शिकवणाऱ्या इव्हेतबाई हातमोजे, मास्क आणि उघडी खिडकी यांशिवाय बाटलीचं झाकण काढू देत नसत. “ग्रॅममध्ये मोजा,” त्या म्हणायच्या, “अंदाजे नाही. हे मेलेल्या शरीराला टिकवायचं रसायन आहे, सरबत नव्हे.”

नाल्वाने हे येऊन मावशीला सांगितलं. मावशी इतकी हसली की सिगारेट खाली पडली.

“काटा मासळीवालीला लागतो. तुझ्या त्या बाईंना शाळेतून सीलबंद बाटली मिळते. आपल्याला काय मिळतं? औषधवाला कधी पाणी घालून देतो, कधी जुनी देतो, कधी देव जाणे काय देतो. एकाच वजनाचं आज पाणी, उद्या विष. काट्याला ते कळतं का? नाकाला कळतं.”

नाल्वाला ते पटलं, कारण ते खरंच होतं. तिने वर्गाचा कागद मिळवला, भिंतीवर लावला, आणि पडद्याआड मावशीच्या शेजारी उभी राहून वाडग्यावर नाक धरायला शिकली. पहिल्या दिवशी ती खोकत बाहेर पळाली. मावशी आतून ओरडली, “पळ, पळ! नवं नाक आहे तोवर पळून घे. अशी नाकंच चांगली, खोटं बोलत नाहीत.”

त्या काळात मेस्कितातली प्रत्येक बाई केस सरळ करून घेत होती. बँकेत शिपाई लागलेली, लग्न ठरलेली, नवरा सोडून गेलेली, सगळ्या. सुट्टीच्या आदल्या दिवशी सलूनच्या बाहेर रांग लागायची. आत बायका ओला टॉवेल तोंडावर धरून बसायच्या, इस्त्रीखालून पांढरा धूर निघायचा, आणि डोळे पुसत एकमेकींची थट्टा चालायची.

“अगं, नवऱ्याला पुरलं तेव्हासुद्धा एवढी रडले नव्हते!”

“नवरा त्या लायकीचा नसेल. केस आहेत.”

“जळू दे गं. जळलं तरच धरतं.”

हे शेवटचं वाक्य सगळ्यांच्याच तोंडी होतं. नाल्वाही गिऱ्हाइकांना तेच सांगायची.

तिचा हात बसला, गिऱ्हाईक तिच्या नावाने येऊ लागलं. लग्न झालं, मुलगी झाली, मायारा. नवरा कामासाठी दक्षिणेला गेला आणि तिकडचाच झाला. नाल्वाने घराची पुढची खोली मोकळी केली, दोन खुर्च्या आणि एक मोठा आरसा आणला आणि स्वतःचं सलून थाटलं. मावशीने उद्घाटनाला केक कापला आणि कानात म्हणाली, “पहिल्या वर्षी काटकसर कर, दुसऱ्या वर्षी एसी घे. घाम आला की केस परत वळतात आणि बायका शिव्या आपल्याला देतात.”

नाल्वाने एसी घेतला. रस्त्याच्या बाजूचं लोखंडी दार काढून काचेचं बसवलं. मागची खिडकी गार हवा जाऊ नये म्हणून पट्टी लावून बंद केली. गिऱ्हाइकं खूश झाली. धुराला मात्र आता जायला वाट उरली नाही. तो छताखाली तरंगायचा आणि हळूहळू खाली बसायचा. याच सुमारास मदतीला जुसारा आली. शेजारच्या गल्लीतली, पंचविशीची, बडबडी, हाताने चपळ. ती दिवसभर डोळे पुसत काम करायची.

“नाल्वाताई, तुमचे डोळे कसे कोरडे?”

“सवय.”

सरकारने फॉर्मोल दुकानातून विकायला बंदी केली, तेव्हा बायका घाबरल्या त्या एकाच गोष्टीला: आता केसांचं काय? पण एक माणूस मोटारसायकलवरून निळे कॅन घेऊन घरोघर येऊ लागला. कॅनवर कसलीच चिठ्ठी नसायची. कडक आहे की पातळ, हे विचारलं की तो खांदे उडवायचा. “तुमचं नाक आहे ना, ताई?”

मावशी आजारी पडली ती आवाजापासून. आधी आवाज बसला, मग नाकातून रक्त यायला लागलं, मग कानाखाली गाठ दिसू लागली. गाठ नाकाच्या मागे आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. गल्ली म्हणाली, सिगारेट. मावशीने उभ्या जन्मात एखाददुसरीच पेटवली असेल, हे नाल्वाला माहीत होतं. पण तीही मान हलवून म्हणाली, सिगारेट.

मावशीला दफनभूमीच्या सभागृहात ठेवलं होतं. तिची मुलगी उत्तरेकडून यायची होती, म्हणून शरीर टिकवून ठेवलं होतं. शवपेटीत गळ्यापर्यंत पांढरी फुलं, केस गुळगुळीत मागे वळवलेले. नाल्वानेच ते सकाळी केले होते. जुसारा शेजारी उभी राहिली आणि एकदम तिने रुमाल नाकाला लावला.

“ताई,” ती कुजबुजली, “मावशीच्या अंगाला आपल्या सलूनचा वास येतोय.”

नाल्वा पुढे वाकली. अगदी मावशीच्या कपाळाला कपाळ लागेल इतकी वाकली. लोकांना वाटलं, शेवटचा निरोप घेतेय. तिने खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. फॉर्मोलचा वास नव्हता. फुलांचा नव्हता. मेणबत्त्यांचा नव्हता. काहीच नव्हतं. डोक्यात एखादी खोली रिकामी करून कुणी दार ओढून घ्यावं, तसं.

घरी येऊन तिने एकेक करून सगळं हुंगून पाहिलं. कॉफीची पूड, व्हिनेगर, लसूण, मायाराची उशी. मग ती मोरीत गेली, निळ्या कॅनचं झाकण काढलं आणि तोंड त्यावर धरलं. घशात काहीतरी घासल्यासारखं झालं, तेवढंच. डोळा कोरडा.

ही गोष्ट ती कुणालाच बोलली नाही. कशी बोलणार? भिंतीवरचा कागद कुणी वाचत नव्हतं. बायका येत होत्या त्या नाकासाठी. आंधळ्या शिंप्याकडे कोण कापड टाकेल?

मग तिला एक उपाय सुचला, आणि तो इतका सोपा होता की तिला हायसं वाटलं. औषध कालवून झालं की ती जुसाराला हाक मारायची. “हे धर जरा, हात धुते.” जुसारा वाडगा हातात घेऊन उभी राहायची. नाल्वा नळाखाली हात धुता धुता आरशातून तिच्या डोळ्यांकडे पाहायची. डोळे भरले की माप झालं. नाही भरले तर, “दे इकडे, क्रीम घट्ट वाटतंय,” म्हणून आणखी ओतायचं. जुसाराला पत्ता नव्हता. ती केकविषयी, मालिकेविषयी, शेजारणीच्या नवऱ्याविषयी बोलत उभी असायची आणि तिचे डोळे नाल्वासाठी काम करायचे.

सलून आणखी चाललं. एक बाई टॉवेल तोंडाला लावून मध्येच रस्त्यावर पळाली आणि फुटपाथवर बसून ओकली, पण केस पाहून परत आली. दुसरीच्या मानेवर लाल चट्टे उठले. “नाल्वाचं औषध हल्ली जोरदार झालंय,” बायका म्हणायच्या, आणि हे त्या कौतुकाने म्हणायच्या, कारण केस पूर्वीपेक्षा जास्त महिने सरळ राहत होते. नाल्वाला वाटायचं, जुसाराच्या डोळ्यांनी हात अधिक सुधारला.

एकाच डोक्याला तिने कधी औषध लावलं नव्हतं. मायाराच्या. मुलगी हट्ट करून थकली होती. वर्गातल्या सगळ्यांचे केस सरळ, आणि केस सरळ करणारीच्या मुलीचे मात्र झाडूसारखे.

“मोचीची पोर अनवाणी, असं म्हणतात मला आई!”

“म्हणू दे.”

“का पण? वाईट असतं का ते?”

“वाईट नसतं. तू लहान आहेस.”

“मग केव्हा मोठी होणार?”

“पंधरा पुरी होऊ दे.”

आमच्याकडे मुलीचा पंधरावा वाढदिवस म्हणजे छोटं लग्नच. झगा, हॉल, केक, बापाबरोबर किंवा मामाबरोबर पहिला नाच. नाल्वाला शब्द फिरवता येण्यासारखा नव्हता. मायाराने निळ्या झग्याबरोबर मोकळे सोडलेले सरळ केस आधीपासून चित्रात काढून ठेवले होते.

समारंभाच्या आदल्या दुपारी नाल्वाने सलून बंद ठेवलं. काचेच्या दाराला आतून पडदा लावला, म्हणजे गल्लीतल्या कुणी आधी पाहू नये. एसी लावला. आत तिघीच होत्या. मायारा खुर्चीत बसून पाय हलवत होती.

“हिचं हलकं करायचं,” नाल्वाने मनाशी ठरवलं. जुसाराच्या डोळ्यांत नुसती चमक दिसली की थांबायचं. त्या दिवशी कॅनही नवा होता, झाकणाला अजून चिकटपट्टी होती. तिने थोडंसंच ओतलं, ढवळलं आणि वाडगा जुसाराकडे दिला.

“धर जरा.”

“मी काय म्हणते ताई, केकवर तो साखरेचा हंस ठेवताय ना, त्याची मान मोडणार बघा. या उकाड्यात—”

नाल्वा आरशात पाहत होती. जुसाराचे डोळे कोरडे होते.

“दे इकडे.” आणखी ओतलं. “धर.”

“—हंसापेक्षा फुलं बरी. माझ्या बहिणीच्या वेळी काय झालं, सांगितलं ना मी? हंस थेट मामाच्या ताटात!”

मायारा खिदळली. जुसाराही हसली. डोळे कोरडे.

नाल्वाच्या मनात आलं, हा मोटारसायकलवाला पाणी घालून कॅन विकायला लागला वाटतं. तिला त्याचा रागच आला. उद्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर नाचताना पोरीचे केस वळले, तर सगळी गल्ली हसेल. तिने कॅन पुन्हा उचलला. जुसारा दिवसभर, वर्षानुवर्षं, त्याच बंद खोलीत त्याच धुरात उभी असते, हे त्या क्षणी तिच्या डोक्यात आलं नाही. हिचेही डोळे आता कोरडे पडले असतील, हे आलं नाही. ती ओतत राहिली, आणि कधीतरी जुसाराच्या पापणीच्या कडेला एक थेंब दिसला.

“झालं,” नाल्वा म्हणाली.

औषध लावलं. वाट पाहिली. केस वाळवले. मायाराने टॉवेल तोंडावर दाबून धरला होता. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण ती हसत होती. जन्मापासून ती हे पाहत आली होती. रडायचंच असतं.

“आई, घशात टोचतंय.”

“टॉवेल ओला कर. इस्त्री आता सुरू करते, मग संपलंच.”

पहिली बट इस्त्रीत धरली तसा चर्रकन आवाज झाला आणि धूर वर उठला. मायारा खोकली. दुसऱ्या बटेला पुन्हा. मग खोकला थांबेचना.

“थांबायचं का गं?” नाल्वाने विचारलं.

मायाराने आरशात पाहिलं. अर्धं डोकं पाण्यासारखं सरळ, चमकदार. अर्धं तसंच. तिने जोरात मान हलवली. नको, थांबू नको.

शेवटची बट झाली तेव्हा मायाराचा आवाज गेलेला होता. ती उठून आरशाजवळ गेली, दोन्ही हातांनी केस खांद्यांवर पसरले आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर आतून शिट्टीसारखा श्वास आला. ओठ राखाडी दिसले. जुसाराने पडदा बाजूला सारला, दार उघडलं आणि रस्त्यावरच्या पहिल्या गाडीला हात केला.

आरोग्य केंद्रात मायाराला मास्क लावला, सुई टोचली. डॉक्टर तरुण होता, भराभर बोलत होता.

“काय हुंगलं हिने?”

“केसांचं औषध. फॉर्मोल.”

“किती कडक? किती टाकलं होतं?”

 

“माहीत नाही,” नाल्वा म्हणाली.

“तुम्हीच कालवलंत ना?”

“हो.”

“मग अंदाजे तरी सांगा. घसा सुजतोय. किती जोराचं होतं ते कळलं, तर कुठवर सुजेल याचा अंदाज बांधता येईल.”

नाल्वाने जुसाराकडे पाहिलं. जुसारा भिंतीला टेकून रडत होती. तिला अजूनही माहीत नव्हतं, ताई आपल्याकडे का पाहतायत ते. डॉक्टर मोठ्या रुग्णालयात फोन करायला निघून गेला.

मायाराचे डोळे उघडे होते. केस उशीवर दोन्ही बाजूंना पसरले होते, मास्कला घासत होते. नर्स पट्टा नीट करायला वाकली आणि थबकली.

“अगंबाई, केस काय सुंदर पोरीचे! कुणी केले हो?”

तिने एक बट बोटांवर घेतली, उजेडात धरायला जरा वर उचलली. आणि एकदम मागे सरली. तिने मनगट डोळ्यांना लावलं, मग दुसरं. दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“हे काय आहे? केसांतून येतंय हे?”

नाल्वा तिच्या डोळ्यांकडे पाहत राहिली. सलूनच्या धुरात कधीही न बसलेल्या बाईचे डोळे होते ते. हातभर अंतरावरून, एका बटेने ते भरून वाहत होते. किती टाकलं होतं, ते तिला आता कळलं.

औषध तीन दिवस धुवायचं नसतं. तोवर ते केसांतच असतं, हवेत सुटत राहतं. प्रत्येक गिऱ्हाइकाला ती दारातून ओरडून सांगायची, पाणी लावू नको गं. मास्क लावलेल्या तोंडाभोवती, उशीवर, मायारा तेच पसरून पडली होती.

“कात्री द्या,” नाल्वा म्हणाली.

“धुऊया की. बादली आणते—”

“ओले झाले की आणखी सुटेल. कात्री द्या.”

नर्सने पट्ट्या कापायची कात्री दिली आणि खिडकी उघडायला धावली. मायाराने कात्री पाहिली. तिला बोलता येत नव्हतं. तिने मान हलवली, आणि दोन्ही हात वर घेऊन केस मुठींत घट्ट धरले.

“सोड, राणी.”

तिने सोडले नाहीत. नाल्वाने तिचं एकेक बोट उलगडलं. पोरीच्या बोटांत इतका जोर असेल असं तिला वाटलं नव्हतं. मग तिने कानाजवळची बट मुळाशी धरली आणि कापली. ती जुसाराच्या हातात दिली. “बाहेर. लांब टाक.” जुसारा धावली. खिडकीतून रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज आत येत होता, आणि त्यातून मास्कखालची ती शिट्टी वेगळी ऐकू येत होती. कमी झालेली नव्हती. नाल्वाने दुसरी बट धरली.